नानांच्या कानाचं मशीन: तपासणीपासून सवय होईपर्यंत

"माले आयकू येस, पन समजस नही." घरातलं वयस्कर माणूस असं म्हणायला लागलं की बहुतेक घरांत एकच उपाय होतो, सगळे मोठ्याने बोलू लागतात. आमच्याकडेही काही वर्षं तेच चाललं. नाना ७७ वर्षांचे, जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोल तालुक्यात शेती, आयुष्य मोटार, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्राच्या आवाजात गेलेलं. २०२४च्या श्रावणात त्यांच्या कानाची पहिली तपासणी झाली आणि २०२५च्या उन्हाळ्यात ते दोन्ही कानांना मशीन लावून दिवसभर सहज वावरू लागले. मधल्या काळातला दवाखाना, कागदपत्रं, खर्च आणि सवय लागण्याची धडपड इथे क्रमाने लिहितो. या वाटेवर निघालेल्यांना मुख्यतः एवढंच कळावं की मशीन विकत घेणं हा यातला सोपा भाग आहे.

आधी नानांच्या त्या तक्रारीचं कारण. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली कर्णशंकू नावाची नळी असते. तिच्या तोंडाशी बारीक, उंच स्वर पकडले जातात आणि आत टोकाकडे जाड, खर्जातले. ध्वनिलहर या नळीत कशी पुढे सरकते हे शोधल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळालं. एका कानात आवाज पकडणाऱ्या साधारण १५,००० केसपेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. वय आणि यंत्रांचा गोंगाट या दोन्हींचा मारा आधी तोंडाशी असलेल्या पेशींवर होतो, म्हणजे उंच स्वर आधी जातात. बोलण्यातले अ, आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि बोलण्याचा जोर त्यांच्यातच असतो. शब्द ओळखू येतो तो मात्र स, श, फ, ट, क अशा व्यंजनांमुळे, आणि त्यांची ताकद २,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे नानांना ऐकू यायचं, काय बोलतंय ते निसटायचं. आमच्या अहिराणी बोलीत तर करस, जास, येस या क्रियापदांच्या शेवटी स आहे आणि 'शे' ची सुरुवातच श ने होते. वाक्याचा कणाच नेमका गेलेल्या पट्टीत.

मोठ्याने ओरडलं की अ, आ हे स्वर आणखी जोराचे होतात, स आणि श जवळजवळ आहेत तिथेच राहतात. शिवाय अशा कानात आणखी एक गोष्ट होते: हळू आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढला की एकदम सहन होईनासा होतो. "ओरडतोस कशाला" असं चिडून म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. अशा रागावरून घरात वाद घालू नका.

घरच्यांच्या लक्षात हे इतक्या उशिरा येतं याचंही कारण आहे. माणूस फक्त कानाने ऐकत नाही. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी दाखवून दिलं की कानावर 'बा' पडत असताना डोळ्यांसमोर 'गा' म्हणणारे ओठ असले तर बहुतेकांना 'दा' ऐकू येतं. मेंदू ओठ, चेहरा, विषय, माणूस या सगळ्यांचा हिशेब करून शब्द बांधतो. नाना समोरच्या माणसाशी छान बोलायचे आणि पाठमोऱ्या सुनेला उत्तर द्यायचे नाहीत, तेव्हा सगळ्यांना वाटायचं की हवं तेवढंच ऐकतात. खुणा आधीपासून होत्या. फोन लगेच दुसऱ्याच्या हातात देणं, टीव्हीचा आवाज वाढत जाणं, विचारलं एक आणि उत्तर दुसरंच, संध्याकाळी ओट्यावरच्या बैठकीतून लवकर उठून येणं. कानबाई या खानदेशातल्या देवीच्या उत्सवात रात्री ढोलाच्या ठेक्यावर त्यांचा हात चालायचा, पण गाण्यात कोणाचं नाव गुंफलं ते शेजाऱ्याला विचारावं लागायचं. विहिरीवरची मोटार कोरडी ओढायला लागली की ती आवाजावरून ओळखणारा हा माणूस, तेही गेलं होतं. यातलं काही दिसलं तर थांबू नका. डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) जी कारणं टाळता येण्यासारखी आहेत त्या १४ कारणांची यादी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली, त्यात न हाताळलेला बहिरेपणा आहे. मेंदूला बराच काळ व्यंजनं मिळाली नाहीत तर ती ओळखण्याची सवयही मोडते आणि मग चांगलं मशीनही अर्धंच कामाला येतं.

पहिली पायरी कान-नाक-घसा डॉक्टर. थेट मशीनच्या दुकानात जाऊ नका. नानांच्या डाव्या कानात मळाचा घट्ट बोळा होता. डॉक्टरांनी मळ मऊ करणारे थेंब काही दिवस घालायला सांगितले, मग सक्शनने काढला. तपासणी आणि मळ काढणं मिळून आठशे रुपये लागले, थेंबांची बाटली वेगळी. या काळात कान आणखी बंद झाल्यासारखा वाटतो, कारण मळ फुगतो. घाबरून थेंब बंद करू नका. आणि लसूण घालून कोमट केलेलं तेल, आगपेटीची काडी, चावी, केसांची पिन हे सगळं बंद. काडी-पिनने मळ आणखी आत ढकलला जातो, पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं. कान वाहत असेल, एकाच कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, चक्कर येत असेल, तर मशीनचा विचार नंतर. अचानक आलेल्या बहिरेपणाला पहिल्या काही दिवसांतच औषध मिळावं लागतं.

मळ निघाल्यावर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, तपासणी. जळगावात खासगीत ऐकणं मोजणाऱ्या साध्या ऑडिओमेट्रीचे पाचशे रुपये आणि पडद्याची हालचाल बघणाऱ्या टिम्पॅनोमेट्रीचे तीनशे. नाना पंचाहत्तरीच्या पुढचे असल्याने एसटीचा प्रवास फुकट, आधार कार्ड मात्र सोबत हवं. जायच्या आदल्या दिवशी मळणी, ट्रॅक्टर, लग्नातला डीजे यांपासून दूर ठेवा. मोठ्या आवाजाने कान काही तास दबतो आणि निकाल खऱ्यापेक्षा वाईट येतो. सकाळची वेळ घ्या, पोटात खाऊन जा. बंद खोलीत अर्धा-पाऊण तास लक्ष देऊन बसायचं असतं आणि थकलेलं माणूस शेवटी बटण दाबायचं सोडून देतं.

आत काय होतं ते घरीच आपल्या बोलीत सांगून ठेवा. कानावर हेडफोन बसतात, पीं पीं आवाज येतो, तो अगदी बारीक, शंका यावी इतका हळू असला तरी बटण दाबायचं. स्पष्ट ऐकू येईपर्यंत थांबलं तर आलेख चुकतो. आवाज ऐकू आला की तपासणारे १० डेसिबल खाली जातात, ऐकू आला नाही की ५ वर येतात, असं करत निम्म्या वेळा ऐकू येणारा सर्वात हळू आवाज शोधतात. प्रत्येक पट्टीसाठी, प्रत्येक कानासाठी. मग कानामागच्या हाडावर कंपन देणारा तुकडा लावून पुन्हा. हवेतून आणि हाडातून आलेल्या आकड्यांत मोठं अंतर असेल तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो आणि औषध किंवा शस्त्रक्रियेने सुधारण्याची शक्यता असते. नानांचे दोन्ही आकडे जवळजवळ होते, म्हणजे दोष आतल्या कानाचा, उपाय मशीन.

यानंतर शब्दांची परीक्षा असते, ती नक्की करवून घ्या. काही ठिकाणी ती गाळतात. ठरावीक शब्द ऐकवतात आणि माणसाने ते जसेच्या तसे म्हणायचे असतात. शब्द प्रमाण मराठीतले असतात आणि जन्मभर अहिराणी बोलणारं माणूस ते आपल्या वळणाने म्हणतं. ऐकलं बरोबर पण उच्चार वेगळा, असं झालं की गुण जातो. ऑडिओलॉजिस्टना आधीच सांगा की घरात अहिराणी बोलतो. आमच्या इथल्या ताई आमच्याच भागातल्या, धरणगावकडच्या होत्या, त्यांनी ते समजून घेतलं. या परीक्षेचा टक्का मशीन किती उपयोगी पडेल याचा थोडाफार अंदाज देतो.

आलेख हातात आला की तो वाचायला शिका, फार अवघड नाही. आडव्या रेषेवर डावीकडून उजवीकडे २५० ते ८,००० हर्ट्झ, म्हणजे जाड ते बारीक. उभ्या रेषेवर वरून खाली डेसिबल. खूण जितकी खाली तितकं ऐकणं कमी. लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा. नानांच्या उजव्या कानाचे ५००, १,०००, २,००० आणि ४,००० हर्ट्झचे आकडे ५०, ६०, ६५ आणि ७५. बेरीज २५०, चाराने भागून सरासरी ६२.५. डावा ६७.५. ही सरासरी स्वतः काढून बघा, कारण पुढची सगळी कागदपत्रं तिच्यावर उभी आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबल म्हणजे 'ऐकण्यास कमी' आणि ७० च्या वर 'कर्णबधिर' असं धरलं आहे. दिव्यांगत्वाची टक्केवारी काढताना बऱ्या कानाला पाचपट वजन देतात: बऱ्या कानाचे टक्के गुणिले पाच, अधिक खराब कानाचे टक्के, भागिले सहा. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा चांगला, तर दिव्यांग प्रमाणपत्राच्या लाभासाठी लागणारे ४० टक्के भरत नाहीत. म्हातारपणामुळे ५०-५५ डेसिबलपर्यंत गेलेल्या पुष्कळ लोकांनाही प्रमाणपत्राचा लाभ मिळत नाही, मशीनची गरज मात्र पुरेपूर असते. अशांनी प्रमाणपत्राची वाट बघत बसू नये.

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज गणपतीच्या आसपास भरला. स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा लागतो आणि तपासणीसाठी सरकारी रुग्णालय निवडावं लागतं. गावच्या सेतू केंद्रावर शंभर रुपयांत भरून मिळाला. नाव आधारवर जसं आहे अक्षर न अक्षर तसंच भरा. सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं असं आमच्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्यांचं असतं आणि अर्ज तिथेच अडकतो. नोंदणी क्रमांकाची छापील प्रत काढून ठेवा. कान तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड रुग्णालयात ठरलेल्या वारीच बसतं, तेव्हा वार विचारल्याशिवाय गाडीभाडं खर्च करू नका. खासगी ऑडिओमेट्री तिथे ग्राह्य धरत नाहीत, त्यांची तपासणी पुन्हा होते. पण जुना आलेख सोबत न्या, दोन्ही जुळले तर काम लवकर होतं. आकड्यांत शंका आली तर बेरा नावाची तपासणी सांगतात. डोक्याला तारा लावून मेंदूपर्यंत पोहोचणारा संदेश मोजतात, त्यात बटण दाबायचं नसतं, शांत पडून राहायचं असतं. बेराची वेळ मिळायला आम्हाला दिवाळी ओलांडावी लागली. हा काळ सगळ्यात कंटाळवाणा. नाना दर वेळी म्हणायचे, राहू दे आता. त्यांना नेण्यापेक्षा त्यांचं मन राखणं जड गेलं.

योजनांबद्दल थोडक्यात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. त्याच कारणासाठी मागच्या तीन वर्षांत मदत घेतलेली नसावी. ६५ वर्षांवरच्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात येतात. त्यात श्रवणयंत्राचा समावेश आहे, पण एवढ्यात दोन कानांचं चांगलं डिजिटल मशीन होत नाही. मोल्ड, म्हणजे कानात बसवायचा साचा, आणि सेल होतात. आमच्या भागातलं वाटपाचं शिबिर विधानसभेच्या आचारसंहितेमुळे पुढे गेलं आणि आम्ही वाट न बघता स्वतः घ्यायचं ठरवलं. शिबिरात मशीन मिळालं तर जरूर घ्या, मात्र ते तुमच्या आलेखाप्रमाणे सेट करून मागा आणि नंतर दुरुस्ती कुठे होईल ते तिथल्या तिथे लिहून घ्या. सेट न केलेलं मशीन खुंटीला लटकलेलं पुष्कळ घरांत दिसतं.

मशीन निवडताना दुकानात सगळं लक्ष 'दिसणार नाही' यावर जातं. म्हाताऱ्या हातांचा विचार आधी करा. कानात पूर्ण आत बसणारं छोटं मशीन बोटांत धरता येत नाही, त्याचा सेल तर डोळ्यांनाही दिसत नाही. नानांच्या बोटांना शेतीने पडलेले घट्टे आहेत, त्यांच्यासाठी कानामागे बसणारं, १३ नंबरच्या सेलवर चालणारं डिजिटल मशीन घेतलं. जोडी बावन्न हजारांना पडली. किमती दहा-बारा हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावलेला दिसला तर विचारा. चार्जिंगचं मशीन सोयीचं असतं, पण रात्री वीज जाणाऱ्या गावात सकाळी मशीन बंद मिळू नये म्हणून सेलवालं बरं वाटलं. जाहिरातीतली हजार-पाचशेची मशीनं घेऊ नका. ती सगळे आवाज सारखेच वाढवतात. ज्या खालच्या पट्टीत नानांना बऱ्यापैकी ऐकू येतं तिथेही, आणि गाडीचा हॉर्न वाजला की कमाल आवाजावर मर्यादा नसते. डिजिटल मशीन प्रत्येक पट्टी आलेखाप्रमाणे वेगळी वाढवतं, खरी किंमत त्याची.

दोन्ही कान गेले असतील तर दोन मशीनं. खर्च दुप्पट होतो म्हणून एकच घ्यायचा मोह होतो. पण आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. बाजूने आलेला आवाज जवळच्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ आधी पोहोचतो आणि तेवढं त्याला पुरतं. रस्त्याने मागून येणारी मोटारसायकल कोणत्या बाजूने येतेय हे एका मशीनने नीट कळत नाही. गलबल्यातून एक आवाज वेगळा काढायलाही दोन कान लागतात. पैसे खरोखर नसतील तर एक घ्या, शब्दांच्या परीक्षेत जो कान चांगला त्याला.

मोल्डसाठी कानात मऊ लगदा भरून ठसा घेतात. पाच मिनिटं लागतात, दुखत नाही, कान बंद झाल्यासारखा वाटतो. जोडीचे बाराशे रुपये, तयार व्हायला आठवडाभर. ठसा घेताना जबडा हलवायला सांगतील, तो हलवायचा, नाहीतर जेवताना मोल्ड सुटतो. मोल्डला बारीक आरपार भोक ठेवता येतं का ते विचारा. ते नसलं की स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो आणि पहिल्याच दिवशी माणूस मशीन काढून ठेवतं.

मशीन लावायच्या दिवशी संगणकाला जोडून ते आलेखाप्रमाणे बसवतात. चांगला ऑडिओलॉजिस्ट पहिल्या दिवशी पूर्ण आवाज देत नाही, थोडा कमी ठेवतो आणि पुढच्या भेटींत वाढवत नेतो. घरच्यांना वाटतं की अजून नीट ऐकू येत नाही, एवढे पैसे कशाला घातले. ती घाई करू नका. बरीच वर्षं न ऐकलेले आवाज एकदम येतात. कागदाची चुरचुर, पंख्याची घरघर, नळाचं पाणी, स्वतःच्याच चपला, मोहरीची तडतड. निरोगी कान हे सगळं ऐकतो आणि मेंदू ते मागे सारतो. मागे सारण्याची ती सवय नव्याने लागायला वेळ जातो. चष्म्यासारखं लावलं आणि दिसलं असं इथे होत नाही.

पहिल्या आठवड्यात घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, सकाळी आणि संध्याकाळी थोडा-थोडा वेळ. मग अंगण आणि टीव्ही. मग दोन-तीन माणसं. बाजार, लग्न, भरीत पार्टी सगळ्यात शेवटी. आम्ही रोज संध्याकाळी वर्तमानपत्रातली बातमी नानांसमोर बसून वाचायचो, त्यांनी ऐकलेलं वाक्य परत म्हणायचं. आधी त्यांनी ओठ बघून, मग न बघता. या साध्या सरावाचा फायदा सेटिंग बदलण्याइतकाच झाला. कोणता आवाज त्रास देतो ते एका वहीत लिहून ठेवा: भांड्यांचा टणत्कार, बायकांचा बारीक आवाज, फोन. 'बरं वाटत नाही' एवढ्यावर ऑडिओलॉजिस्टला काही करता येत नाही, 'ताट पडलं की डोक्यात जातं' म्हटलं की कोणती पट्टी कमी करायची ते कळतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या सेटिंगच्या भेटी किमतीत धरलेल्या आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारा.

बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतात. शिट्टी वाजते म्हणजे वाढवलेला आवाज मोल्डच्या फटीतून बाहेर येऊन परत माईकमध्ये शिरतो. मोल्ड नीट बसला नाही, कानात मळ साठला, किंवा माईकवर काहीतरी आलं, यांपैकी एक असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात कान झाकून रुमाल बांधतात आणि माईक कानामागेच असतो, त्यामुळे रुमाल बांधला की शिट्टी हमखास. बाहेर जाताना रुमाल कानाच्या वरून सैल बांधायला सांगा, किंवा कडक उन्हात तेवढा वेळ मशीन काढून डबीत ठेवा. आवाजच येत नसेल तर आधी सेल, मग मोल्डचं भोक मळाने बुजलंय का, मग नळीत पाण्याचा थेंब आहे का ते बघा. हवेचा फुगा मिळतो, त्याने थेंब उडतो. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते. नळी काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते, ती बदलावी लागते. फोन कानाच्या भोकाला लावला तर ऐकू येणार नाही, तो थोडा वर, मशीनच्या माईकपाशी धरायचा. हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही.

सेलचंही एक शास्त्र आहे. हे सेल हवेवर चालतात. पाठीवरचं स्टिकर काढलं की हवा आत जायला लागते, मिनिटभर तसाच ठेवून मग बसवा. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. केशरी स्टिकर १३ नंबर, तपकिरी ३१२, निळं ६७५, पिवळं १०. म्हाताऱ्यांना नंबरापेक्षा रंग लक्षात राहतो. नानांचा सेल दिवसभर वापरून दहा-बारा दिवस जातो, सहांच्या पाकिटाला अडीचशेच्या आसपास पडतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात सेल लवकर सुकतात, म्हणून पत्र्याखाली, गाडीत किंवा खिडकीत पाकीट ठेवू नका. एकदम डझनभर पाकिटंही घेऊ नका. पावसाळ्यात उलट, दमट हवेत मशीन खराब होतं. रात्री सेलचं दार उघडून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. अंघोळीला आणि केस कापताना काढायचं. वापरलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जीवावर बेततं.

घरालाही थोडं बदलावं लागतं आणि यात पैसे लागत नाहीत. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंती आणि मातीचं छत आवाज पिऊन टाकायच्या. नव्या स्लॅबच्या, फरशीच्या घरात प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत येतो, आणि मशीनला मूळ शब्द आणि प्रतिध्वनी सारखेच. बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरली, खिडक्यांना जाड पडदे लावले, एका भिंतीला गोधडी टांगली, फरक लगेच जाणवला. बोलण्याआधी नाव घेऊन लक्ष वेधायचं, समोर उजेडात बसायचं, स्वयंपाकघरातून हाक मारून बोलायचं नाही. वाक्य कळलं नाही तर तेच मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. बोलताना मिशरी किंवा सुपारी तोंडात नको, ओठ दिसू द्या. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की नानांना भिंतीला किंवा खळ्याच्या कडब्याला पाठ करून बसवतो, म्हणजे मागून येणारा गलका माईकवर कमी येतो आणि समोरचे चेहरे दिसतात. नानांना चर्चेतल्या मुख्य माणसांच्या बाजूला बसवायची सवय घरातल्या पोरांना सगळ्यात आधी लागली.

यूडीआयडीचं ई-कार्ड फेब्रुवारीत पोर्टलवर आलं, ४० च्या थोड्या वरचा टक्का आणि पिवळं कार्ड. ४० च्या खाली पांढरं, ८० आणि पुढे निळं असतं. पोस्टाने येणाऱ्या कार्डाची वाट न बघता ई-कार्ड लगेच उतरवून छापून घ्या, बहुतेक ठिकाणी ते चालतं. प्रमाणपत्र कायमचं आहे की ठरावीक मुदतीचं, हे त्यावर लिहिलेलं असतं. मुदतीचं असेल तर संपायच्या आधीच नव्याने अर्ज करा.

वर्षातून एकदा ऑडिओमेट्री परत करावी लागते, कारण कान खाली जात राहतो आणि जुनं सेटिंग अपुरं पडतं. आम्ही ती दरवर्षी ३ मार्चच्या, म्हणजे जागतिक श्रवण दिनाच्या आसपास करायचं ठरवलं आहे. त्या दिवसांत काही ठिकाणी मोफत तपासणी असते, आणि उन्हाळा कडक व्हायच्या आत जळगावची एक खेप होऊन जाते. जाताना जुना आलेख, मशीनचं बिल, वॉरंटी कार्ड, ती त्रासांची वही आणि सेलचं एक नवं पाकीट एवढं पिशवीत असू द्या.